निकालपत्र उघडलं होतंस का?

तुझा मसुदा वाचला. पहिल्याच पानावर लिहिलंयस, 'प्रस्तुत संशोधकाने सखोल अभ्यासाअंती'. सखोल? पान 41 वर तू ठोकून दिलंयस की सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली परिचारिका अरुणा शानबाग यांना इच्छामरणाची परवानगी दिली. दिली? मग त्या 18 मे 2015 ला केईएम रुग्णालयातच न्यूमोनियाने कशा गेल्या? 7 मार्च 2011 ला निकाल लागला तेव्हा तिथल्या परिचारिकांनी मिठाई वाटली, ती कशाची?

याचिका फेटाळली होती रे. याचिका करणाऱ्या पिंकी विराणींना अरुणाच्या वादमित्र मानायला न्यायालयाने नकार दिला. अरुणाच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं म्हटलं. कारण 1973 च्या हल्ल्याने ती अंथरुणाला खिळली, तेव्हापासून तिला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली ती त्यांनी. इतक्या वर्षांत अंगावर एक बेडसोअर होऊ दिला नाही. निष्क्रिय इच्छामरणाचा मार्ग त्या निकालाने खुला केला हे खरं, पण तो पुढच्यांसाठी. हे केईएमच्या गेटसमोरचा शहाळेवालाही सांगेल. आणि तू एलएल.एम. करतोयस.

त्याच पानावर म्हणतोस, अरुणावर हल्ला करणाऱ्या आरोपीला बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. कुठे वाचलंस? शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न यांसाठी, सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. तुझ्या विषयातला सगळ्यांत बोचरा मुद्दा तो. रुग्णालयात ड्यूटीवर असलेल्या परिचारिकेवर हल्ला होतो आणि कायद्याच्या कागदावर त्यातला निम्मा गुन्हा उतरतच नाही, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहिलं असतं. तू तो मुद्दा एका चुकीच्या वाक्यात पुरून टाकलास.

मला ठाऊक आहे काय केलंस ते. निकालपत्र उघडलंच नाहीस. कुणीतरी केलेला सारांश घेतलास, त्याचं मराठी केलंस आणि खाली तळटीप मात्र मूळ निकालपत्राची दिलीस. त्या सारांशात न्यायमूर्तींच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, तेही इमानेइतबारे उतरवलंस. निदान चोरी तरी डोळे उघडे ठेवून करावी!

'मॅडम, नोकरी करून शिकतो.' ठीक. माझ्या वर्गातले निम्मे करतात. 'मॅडम, गणपतीत मंडळाचं काम होतं.' तेही ऐकलं. लालबागच्या गर्दीत रात्र रात्र उभा राहून रांगा लावतोस, धक्काबुक्की निस्तरतोस, पावतीपुस्तकाचा हिशेब पैशापैशाने जुळवतोस. तिथे कधी म्हणालास, 'अंदाजे घ्या, साधारण इतकी वर्गणी जमली'? हिशेब जुळला नाही तर कार्यकर्ते सोडणार नाहीत, हे माहीत असतं. इथे काय वाटलं? मॅडम म्हाताऱ्या झाल्या, पानं मोजून सही करतील?

'निकालपत्रं फार मोठी असतात.' असतात. कॉमन कॉज खटल्याचं 2018 चं पाचशेच्या वर पानांचं आहे. पाच न्यायमूर्ती, चार स्वतंत्र निकाल. वाचायला वेळ नव्हता, मग त्यावर मत द्यायला चार पानं भरून वेळ कुठून आला?

बरं, ते वाचलं असतंस तर कळलं असतं की 2011 च्या निकालाने ग्यान कौर खटल्याचा अर्थच चुकीचा लावला, असं या घटनापीठाने म्हटलंय. तू 2011 चीच पद्धत आजचा कायदा म्हणून मांडतोस. प्रत्येक वेळी उच्च न्यायालयात जा, दोन न्यायमूर्तींचं पीठ, तीन डॉक्टरांची समिती. ते 2018 मध्ये गेलं. पुढे लिव्हिंग विलवर, म्हणजे उपचार थांबवण्याबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्रावर, न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागते म्हणतोस. तेही जानेवारी 2023 मध्ये गेलं. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. उद्या तुझा प्रबंध वाचून कुणी म्हातारा माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लागला, तर त्याला काय सांगशील? मार्क चांगले पडले होते म्हणून?

आता मुख्य राग. राहतोस कुठे? परळच्या चाळीत. केईएम पायी किती लांब? ज्या तीन डॉक्टरांनी न्यायालयाच्या सांगण्यावरून अरुणाला तपासलं, त्यांतले डॉ. दिवेटिया तेव्हा टाटा मेमोरियलचे, म्हणजे तुझ्या गल्लीचेच. डॉ. गुरसहानी माहीमच्या हिंदुजाचे. डॉ. नीलेश शहा सायनचे. त्यांचा अहवाल निकालपत्रातच छापलाय. तुझ्या संदर्भसूचीत हार्वर्ड आहे, ऑक्सफर्ड आहे, परळ नाही. काखेत कळसा म्हणतात तो हा. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स 1993 पासून याच मुंबईतून निघतंय, केईएमचे तेव्हाचे न्यूरोसर्जन सुनील पंड्या त्याच्या संस्थापकांपैकी. एक तरी अंक चाळलास?

2023 चा निकाल म्हणतो, लिव्हिंग विलची प्रत महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जपून ठेवायची. हे अधिकारी नेमले जावेत म्हणून डॉ. निखिल दातारांना मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. एफ साउथचं वॉर्ड ऑफिस परळ नाक्याला आहे. आत जाऊन कधी विचारलंस, साहेब, हा कागद इथे घेतं कोण? उपचार थांबवण्याच्या निर्णयाची फेरतपासणी करणाऱ्या दुय्यम वैद्यकीय मंडळावर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने डॉक्टर नेमायचा असतो. मुंबईत हे पद सांभाळतं कोण? हा प्रश्न कुठल्याही पाश्चात्त्य पुस्तकात सापडायचा नाही. तो तुझा होता. तू सोडलास.

आणि वैद्यकीय निष्काळजीपणाचं प्रकरण! इंग्लंडच्या 1957 च्या बोलम खटल्यावर तीन पानं. लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले या खटल्यावर दोन ओळी. तुझं आजोळ गुहागर तालुक्यातलं ना? 1953 च्या मे महिन्यात त्याच तालुक्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. वडील स्वतः डॉक्टर. पोराला पुण्याला नेलं. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं, असा आरोप. मुलगा त्याच दिवशी गेला. अंतिम निकाल लागेपर्यंत पंधरा वर्षं गेली, भरपाई मिळाली तीन हजार रुपये, आणि डॉक्टरने रुग्णाप्रति काय कर्तव्य पाळायचं हे 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. हे तू दोन ओळींत उरकलंस.

तुला येत नसतं तर मी एवढी शाई खर्च केली नसती. पन्नास टक्के देऊन वाटेला लावलं असतं. गेल्या पावसाळ्यात तुझ्या चाळीतल्या काकूंना एक खासगी रुग्णालय केसपेपर देईना. त्या रात्री अर्ज कुणी लिहिला? तूच. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांतली 72 तासांची मुदत घातलीस. रहेजा खटल्यातला मुंबई उच्च न्यायालयाचा 1996 चा निकाल जोडलास, मूळ वाचून जोडलास. एक पानाचा अर्ज, एक शब्द जास्त नाही. कागद मिळाले. ती अक्कल प्रबंध लिहिताना कुठे गहाण टाकलीस? काकूंसाठी खरं लिहायचं आणि विद्यापीठासाठी पाट्या टाकायच्या, हे कुणी शिकवलं?

'अजून वेळ आहे' हे वाक्य माझ्यासमोर उच्चारू नकोस. तिसरं आणि पाचवं प्रकरण फाडून टाक. शुक्रवारी येताना 2011, 2018 आणि 2023 ची तिन्ही निकालपत्रं घेऊन ये, पेन्सिलीच्या खुणांसकट. मी मधलं कुठलंही पान उघडेन आणि विचारेन. एफ साउथमध्ये काय उत्तर मिळालं तेही लिहून आण, नुसतं हाकलून दिलं असेल तर तेही तारखेनिशी. आणि शेवटच्या पानावर 'या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे' असं जे लिहिलंयस ना, ते खोड. ते संशोधन तूच करायचं होतंस.