न दिलेला कागद आणि पांघरलेले चीवर



जे देश पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध आहेत, तेथील माणसांना शील वेगळे शिकावे लागत नसेल, असे आपल्यातील पुष्कळांना वाटते. आपण नवे, पोरांना अजून वंदना पाठ करवतो आहोत. ते मात्र पाळण्यातूनच बौद्ध! अशी समजूत असणाऱ्याने थायलंडच्या सेनी प्रमोज यांचे चरित्र अवश्य पाहावे.

सेनींचा जन्म १९०५ चा. ते राजा दुसरा राम यांचे पणतू. ऑक्सफर्डला कायदा शिकले, मायदेशी न्यायाधीश झाले आणि १९४० साली थायलंडचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले. त्यांच्या घराण्याचे नाव ‘पामोज्ज’ या पाली शब्दावरून आले आहे. पामोज्ज म्हणजे प्रसन्नता. पण त्यांच्या वाट्याला आलेला काळ मोठा कठीण होता.

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी फौजा थायलंडमध्ये उतरल्या. पिबुन सोंग्क्राम यांच्या सरकारने काही तासांतच विरोध सोडला, पुढे जपानशी तह केला आणि २५ जानेवारी १९४२ रोजी ब्रिटन व अमेरिका यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले. ही युद्धघोषणा अमेरिकन सरकारच्या हाती देणे हे राजदूताचे काम. सेनींनी ती दिली नाही. कागद त्यांनी खिशातच ठेवला, असे लोक सांगतात. त्या गोष्टीला मागाहून तिखटमीठ लागलेही असेल. पण घोषणा त्यांनी पोचवली नाही, हे खरे. ब्रिटनने थायलंडविरुद्ध युद्ध पुकारले. अमेरिकेने पुकारले नाही.

आता कुणी विचारील, ज्याचे मीठ खाल्ले त्याचा हुकूम मोडणे हे कसले शील? प्रश्न रास्त आहे. सेनींचे म्हणणे असे की, जपानी बंदुकीखाली बोलणारे सरकार थाई जनतेच्या मनातले बोलत नाही. जनतेची इच्छा नसलेली गोष्ट जनतेच्या नावाने सांगणे म्हणजे मुसावाद. बंधूंनो, आपल्यात कुणी कचेरीत कारकून आहे, कुणी शाळेत मास्तर आहे. खोट्या कागदावर सही करण्याचा हुकूम वरून येतो, तेव्हा ‘बोलणारा वरचा, मी फक्त लिहिणारा’ असे म्हणून चौथ्या शीलातून सुटता येते काय? सेनींनी ती पळवाट घेतली नाही. अमेरिकेत शिकणाऱ्या थाई तरुणांना जमवून त्यांनी ‘सेरी थाई’ म्हणजे स्वतंत्र थाई चळवळ उभी केली. अर्थात वॉशिंग्टनमध्ये जपानी संगिनी नव्हत्या. खुद्द बँकॉकमध्ये गुप्तपणे हेच काम करणाऱ्या प्रीदी फनोम्योंग यांच्या डोक्यावर टांगती तलवार अधिक होती, हेही सांगितले पाहिजे.

सप्टेंबर १९४५ मध्ये सेनी पंतप्रधान झाले. ब्रिटनशी तह करताना १५ लाख टनांपर्यंत तांदूळ फुकट देण्याची अट पत्करावी लागली. पुढे ते डेमोक्रॅट पक्षाचे नेते झाले आणि १९७५ साली काही आठवडे पुन्हा पंतप्रधान. त्यांची खरी कसोटी मात्र १९७६ मध्ये लागली, तेव्हा ते तिसऱ्यांदा त्या पदावर होते.

१९७३ च्या विद्यार्थी उठावाने पळवून लावलेले लष्करी हुकूमशहा थनोम कित्तिकाचोर्न १९ सप्टेंबर १९७६ रोजी परतले, ते सामणेराच्या वेषात! आजारी वडिलांचे निमित्त सांगितले गेले. बँकॉकच्या वाट बोवोननिवेत विहारात त्यांना उपसंपदा मिळाली. चीवर आले की हात लावणे कठीण, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्याच वर्षी कित्तिवुड्ढो नावाच्या भिक्खूने कम्युनिस्टांना मारणे पाप नाही असे सांगितले होते. भिक्खूच्या पात्रात कालवण घालण्यासाठी मासा मारतात, तसेच हे, असा त्याचा दाखला! पहिले शील रोज म्हणणाऱ्या देशात हे बोलले गेले. आणि ऐकणारे होते.

सेनींचे सरकार डळमळले. थनोमला देशाबाहेर काढावे की राहू द्यावे, याचा निकाल लागेना. सेनींनी राजीनामा दिला. थोड्याच दिवसांत संसदेने पुन्हा त्यांनाच नेमले. निषेधाची पत्रके लावणाऱ्या दोघांना नाखोन पथोममध्ये ठार मारून टांगले गेले. त्याच नाखोन पथोममध्ये थायलंडचा सर्वांत उंच स्तूप उभा आहे! ६ ऑक्टोबरच्या सकाळी पोलीस आणि उजव्या टोळ्या थम्मसात विद्यापीठात घुसल्या. ‘थम्म’ म्हणजे आपलाच धम्म. सरकारी आकडा ४६ मृतांचा आहे. खरा आकडा त्याहून मोठा, असे अनेकजण मानतात. त्याच संध्याकाळी लष्कराने सत्ता घेतली.

सेनी दुष्ट नव्हते. माझ्या मते १९४२ साली ‘नाही’ म्हणणे पुरेसे होते. १९७६ साली काहीतरी करणे भाग होते, आणि तेथे त्यांचे पाय अडखळले. आयुष्यभराचे शील त्या तीन आठवड्यांत त्यांच्या कामी आले नाही.

त्यानंतर त्यांनी राजकारण सोडले. २८ जुलै १९९७ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. थम्मसातमध्ये पकडलेल्या विद्यार्थी नेत्यांना १९७८ च्या माफीच्या कायद्याने सोडण्यात आले. त्याच कायद्याने मारणारेही सुटले. त्यांच्यापैकी एकावरही खटला चालला नाही.