सुविचार आणि वही



मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला फळ्यावरचा सुविचार आठवत असेल. वळणदार अक्षराचा एखादा विद्यार्थी सकाळी तो लिहायचा, आणि गणिताचा तास सुरू झाला की तो पुसला जायचा. आता तोच सुविचार गुलाबाच्या चित्रासह मोबाईलवर येतो, तोही दिवसातून दहा वेळा. त्यांतला एक संदेश सांगतो की, न भिण्याची आज्ञा पवित्र शास्त्रात बरोबर ३६५ वेळा आली आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक. मोजून पाहिले तर हा आकडा भरत नाही. आणि रात्री तीन वाजता छातीत धडधड होऊन जो उठून बसतो, त्याला आकडा भरला काय आणि न भरला काय, सारखेच.

अशा माणसांकडून धर्मगुरूंना एक प्रश्न नेहमी ऐकायला मिळतो. ‘फादर, देव माझ्याबरोबर आहे, मला कसलीही भीती नाही, असे मी रोज म्हणतो. पण मी तर घाबरलेलाच असतो. मग मी खोटे बोलतो का?’

हा प्रश्न भाबडा नाही. खरे बोलणे हे कर्तव्य असेल, तर स्वतःशी बोलतानाही ते कर्तव्यच राहते. शिवाय न पटणारे वाक्य घोकल्याने अपायही होऊ शकतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपण प्रेम करण्याजोगे आहोत, असे वाक्य काही जणांना मनाशी पुन्हापुन्हा म्हणायला सांगितले होते. ज्यांच्या मनात स्वतःविषयी आधीच चांगली भावना होती त्यांना थोडा लाभ झाला. जे स्वतःला कमी लेखत होते, त्यांना मात्र ते वाक्य न म्हणणाऱ्या तशाच लोकांपेक्षा अधिक वाईट वाटले. हे समजण्यासारखे आहे. आपण एक विधान करतो, आणि मन वकिलासारखे उभे राहून उलटतपासणी सुरू करते.

मग वचने टाकून द्यावीत का? स्तोत्रसंहिता वेगळी वाट दाखवते. बेचाळीस आणि त्रेचाळीस ही स्तोत्रे मुळात एकच असावीत, असे अभ्यासक मानतात. मंदिरापासून दूर पडलेला एक माणूस त्यांत स्वतःच्याच जिवाला विचारतो, की तू एवढा का खचलास, आणि मग त्याला देवाची वाट पाहायला सांगतो. हे धृपद तीनदा येते. म्हणजे एकदा म्हणून भागलेले नाही. विशेष हे, की आपण आनंदात आहोत असे हा माणूस कुठेही म्हणत नाही. रात्रंदिवस रडतो आहोत, हे तो लपवत नाही. देवाची स्तुती आपण पुन्हा करू, एवढेच तो म्हणतो. क्रियापद भविष्यकाळातले आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी आशेची जी व्याख्या केली, ती इथे उपयोगी पडते. आशा ज्याकडे पाहते ते चांगले असते, पुढे असते, मिळायला कठीण असते आणि तरीही शक्य असते. म्हणून आशेचे वाक्य आजच्या स्थितीविषयी खोटे बोलत नाही. ‘मी निर्भय आहे’ हे विधान आहे, ते खोटे ठरू शकते. ‘प्रभो, मला भीती वाटते, माझ्याजवळ थांब’ ही प्रार्थना आहे. ती खोटी कशी ठरेल? गेथशेमाने बागेत प्रभू येशूने तेच शब्द तीनदा उच्चारले, असे संत मत्तय सांगतो. त्या शब्दांत धीटपणाचा आव नव्हता, प्याला टळावा अशी विनवणी होती. चिंता वाटणे हे पाप असते, तर ती बाग शुभवर्तमानात आलीच नसती.

तेव्हा शंभर सुविचार गोळा करू नयेत. एकच घ्यावा, आणि तो आपल्याला प्रामाणिकपणे म्हणता येईल असा असावा.

लिहिण्याचेही असेच आहे. ‘डायरी लिहा, मन हलके होईल,’ असे आपण सहज सांगतो. पण काय लिहायचे? संत इग्नेशियस लोयोला १५२२ साली स्पेनमधील मान्रेसा गावी होते. आपली पापे नीट कबूल झालीच नाहीत, या शंकेने त्यांना घेरले होते. आठवेल ते सर्व लिहून काढ, असे एका विद्वान पापनिवेदकाने त्यांना सुचवले. त्यांनी तसे केले. उपयोग झाला नाही; शंका आणखी बारीक होऊन परतल्या. राहत्या खोलीतील एका मोठ्या भोकातून स्वतःला झोकून द्यावे, असा मोह त्यांना वारंवार होऊ लागला. आठवडाभर त्यांनी अन्न घेतले नाही. शेवटी पापनिवेदकाच्या सांगण्यावरून उपास सोडला. इतका मोठा संत, आणि वहीने त्याला वाचवले नाही, कारण ती वही आरोपपत्र झाली होती. पुढे हे विचार कुठून येतात आणि मनाला कुठे नेऊन सोडतात, हे ते पाहू लागले. तेव्हा जुनी पापे पुन्हा कबूल करायची नाहीत, असा निर्णय त्यांनी घेतला आणि ते मोकळे झाले. मनाच्या या हालचालींविषयीची त्यांची टिपणे १५४८ साली छापल्या गेलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात आली.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे इव्हाग्रियस हे तपस्वी असेच करीत. त्रास देणारा विचार ते आधी मांडत आणि त्याखाली शास्त्रातले उत्तर. आपणही पानाच्या एका बाजूला चिंता लिहावी, तिच्याच शब्दांत: ‘हप्ता थकला तर घर जाईल.’ दुसऱ्या बाजूला आपले वचन, आणि त्याखाली उद्या करायचे एक साधे काम, उदाहरणार्थ बँकेत जाऊन विचारणे. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी आपल्या दुःखद अनुभवांविषयी सलग चार दिवस, रोज पंधराच मिनिटे लिहिले होते, आणि त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढील महिन्यांत कमी झाल्या. लिहिताना धडधड वाढू लागली, तर मात्र वही मिटून बाहेर अंगणात यावे.

घरच्यांना एक विनंती. ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे आजारी माणसाला म्हणू नका, आणि त्याची वही त्याला न विचारता उघडू नका. झोप, जेवण किंवा कामधंदा बिघडला असेल, अथवा जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. मधुमेहाची गोळी घेताना आपण विश्वासाची परीक्षा घेत नाही, तशी इथेही घेऊ नये. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते, आणि मराठीत बोलता येते. डॉक्टरांकडे जाताना वही हवी तर सोबत न्यावी. झोप किती वाजता मोडते आणि धडधड कधी सुरू होते, हे त्यांना तीतून लवकर कळते.