मलिद्याचं ताट

भाषा गेली की संस्कृती गेली, असं आपण अगदी सहज म्हणून जातो. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाचा इतिहास वाचला की वाटतं, हे इतकं सरळ नाही.

त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले आणि त्यातली सात जोडपी वाचली, असं त्यांची परंपरा सांगते. पुढच्या शतकांत ही माणसं कोकणातल्या गावोगावी तेलाचे घाणे चालवत राहिली आणि हिब्रू विसरली. ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी ओठांवर उरली. पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायला सुरुवात केली. हाताशी ग्रंथ नाही, सांगायला धर्मगुरू नाही, भाषा तर केव्हाच मागे पडलेली. तरी आठवड्यातला तो दिवस पाळला गेला, सुंता टिकली, खाण्यापिण्यातले निर्बंध टिकले. घरातलं बोलणं मराठी, अंगावर लुगडं, गळ्यात मंगळसूत्र. आडनावं किहीमकर, पेणकर, दिवेकर, नवगावकर.

म्हणजे भाषेवाचूनही पुष्कळ काही तगतं. हाताला सवय असते, जिभेला चव असते, आणि ती आईकडून मुलीकडे न बोलताही जाते. मलिद्याचंच बघा. एलियाहू हनबी या प्रेषिताच्या नावानं ताट मांडायचं. भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, वर फळं. प्रार्थना हिब्रू आणि पोहे कोकणातले, आणि ते ताट मांडणाऱ्या बाईला यात जोडकाम असं काही जाणवतच नाही. लग्नाआधी, नवस फेडताना, नव्या घरात जाताना हे ताट लागतंच. 1948 नंतर समाजातले बहुतेक लोक हळूहळू इस्रायलला गेले. तिथे अश्दोद, लोद, दिमोना अशा गावांत स्थिरावले. मलिदा त्यांच्याबरोबर गेला आणि आजही होतो, मराठी न येणाऱ्या नातवंडांच्या घरातसुद्धा.

मग भाषा गेल्यानं जातं तरी काय? मला याचं उत्तर त्यांच्या कीर्तनात सापडतं. विसरलेला धर्म या समाजानं पुन्हा शिकून घेतला तो मराठीतून. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची ‘हगादा’ 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात मराठी अर्थासह छापली गेली. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. त्याच शतकाच्या अखेरीस अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तनं रचली गेली. साकी, दिंडी, ओवी, अभंग, सगळं आपल्या हरिदासी कीर्तनातलं. भावांनी विकलेला योसेफ दिंडीच्या चालीत ऐकणाऱ्या माणसाला तो परका वाटणं शक्यच नव्हतं.

व्रत न बोलताही पाळता येतं. त्याचं निरूपण करायचं तर भाषाच हवी. घाणा शनिवारी का बंद ठेवायचा, हे त्या जुन्या तेल्यांना कदाचित धड सांगता आलं नसतं. त्यांच्या पणतवंडांना ते सांगता येऊ लागलं, शंका विचारता येऊ लागली, कथेत स्वतःचं दुःख मिसळता येऊ लागलं. माझ्या मते संस्कृती अंगी मुरते ती याच टप्प्यावर. मराठी सुटलेल्या नातवाच्या हातात पोहे उरतात, पण ते एलियाहूपुढेच का मांडायचे आणि ते कोकणातले का, हे आजीच्या शब्दांत त्याला कळत नाही. हिब्रूतून कळेल, पण तो वेगळा सांगावा झाला.

इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघतं, याचं आपल्याला कौतुक वाटतं आणि ते रास्तही आहे. पण कौतुकावर थांबून चालणार नाही. बेने इस्रायलांची ती कीर्तनं मराठी वाङ्मयाचा भाग आहेत. मराठीच्या अभ्यासक्रमात आणि संतकवींच्या शेजारी त्यांना जागा हवी. पदं कागदावर मिळतील, चाली मात्र माणसांच्या गळ्यात असतात. मुंबई-ठाण्यात आणि तिकडे अश्दोद-लोदमध्ये ती गाणी येणाऱ्या ज्या वयस्क बाया आहेत, त्यांच्याकडे आपल्या विद्यापीठांनी आत्ताच जायला हवं.