निकीतिनचा पावसाळा

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक रशियन व्यापारी जुन्नरला पावसात अडकून पडला होता. अफानासी निकीतिन त्याचं नाव, गाव व्होल्गाकाठचं त्वेर. निघाला होता व्यापारासाठी नदीच्या मुखाकडे. आस्त्राखानजवळ तातारांनी लुटलं. ज्यांचं घरी काही शिल्लक होतं ते माघारी फिरले, ज्यांच्या डोक्यावर देणं होतं ते वाट फुटेल तिकडे गेले, असं त्याने लिहून ठेवलं आहे. तो स्वतः दुसऱ्या गटातला असावा. इराणात कुठे महिना, कुठे सहा महिने मुक्काम करत तो होर्मुझला पोचला आणि एक घोडा घेऊन गलबताने चौलला उतरला. तिथून पालीमार्गे जुन्नर गाठायला त्याला तीन आठवड्यांहून जास्त दिवस लागले. आज हा रस्ता एका दिवसाचा आहे, वाटेत दोनदा चहाला थांबलं तरी.

त्याची टिपणं ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ओळखली जातात. लांबी फार नाही. पण ती वाचताना दोन वेगवेगळी माणसं लिहिताहेत असं वाटत राहतं. जुन्नरला तो दोन महिने होता. तिथला पाऊस त्याने आपल्या कुणा शेतकऱ्याने सांगावा तसा सांगितला आहे : चार महिने रात्रंदिवस पाणी आणि जिकडेतिकडे चिखल, आणि त्याच दिवसांत लोक नांगरतात, पेरतात. घोड्यांना चणे घालतात, साखर घालून खिचडी शिजवून देतात, हेही त्याच्या नजरेतून सुटलेलं नाही. गडावर जाणारी वाट इतकी अरुंद की दोघांना एका वेळी जाता येत नाही. आणि हाच माणूस आळंदच्या मोठ्या जत्रेचं वर्णन झालं की सांगतो, इथे एक पक्षी आहे, रात्री उडतो, ‘गुकूक’ असा ओरडतो, ज्या घरावर बसेल तिथलं माणूस दगावतं, आणि त्याला मारायला गेलं तर त्याच्या चोचीतून आग निघते. वानरांचा राजा असतो, त्याच्याकडे फौज असते, अशीही भर आहे. आपल्याला हसू येतं. पण घरावर घुबड बसलं म्हणून शांत करणारी घरं आपल्याला ठाऊक नाहीत असं थोडंच आहे! निकीतिनने ऐकीव ते ऐकीव तसंच उतरवलं. फरक मुक्कामाचा आहे. जिथे त्याचे पाय चिखलात रुतले, तिथे त्याची लेखणी घसरत नाही.

आपल्याकडे हे पाहायचं तर अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या आजीशी बोलावं. बारा दिवसांत नऊ शहरं उरकून आलेला तिचा भाचा नायगाराचे फोटो दाखवतो. आजी सांगते, कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते, शेजारची एकटी म्हातारी बर्फ कुणाकडून उपसून घेते, आणि वाचनालयात मराठी पुस्तकांचं एक कपाट आहे. फोटो मात्र तिच्याकडे फारसे नसतात.

राहण्याची किंमतही पडते, आणि ती पर्यटनाच्या माहितीपत्रकात नसते. जुन्नरच्या खानाने निकीतिनचा घोडा काढून घेतला. धर्म बदल, घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाही तर दोन्ही वसूल करीन. मुदत चार दिवस. एका खुरासानी अधिकाऱ्याने मध्यस्थी केली आणि घोडा सुटला. परक्या मुलखात त्याचं रक्षण केलं ते दुसऱ्या धर्माच्या आणि दुसऱ्या मुलखातून आलेल्या माणसाने. यावर निकीतिन काही प्रवचन करत नाही, देवाचे आभार मानतो आणि पुढे निघतो.

बीदरला घोडा एकदाचा विकला गेला. तिथे पुष्कळ हिंदूंशी त्याची ओळख झाली. खोजा युसूफ खुरासानी या नावाने वावरणाऱ्या या माणसाने त्यांना सरळ सांगितलं की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझं नाव अफानासी. त्यानंतर त्यांनी त्याच्यापासून जेवण, व्यवहार, पूजा काही लपवलं नाही. उजव्या हाताने जेवतात, चमचा ठाऊक नाही, प्रवासात प्रत्येक जण स्वतःचं भांडं घेऊन स्वतःचं शिजवतो, हे सगळं त्याला तेव्हा दिसलं. शिवरात्रीला तो त्यांच्याबरोबर श्रीशैलमला गेला. मला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. आपण नेहमी प्रवाशाने काय पाहिलं ते विचारतो. इथे आधी लोकांनी त्याला पाहून, पारखून घेतलं. इतका वेळ द्यायला दोन्ही बाजू तयार असाव्या लागतात.

आणि गमावलेलं? लुटीत त्याची धर्माची पुस्तकं गेली होती. त्यामुळे ईस्टर कधी, उपास कधी, याचा हिशेब चुकत गेला. कृत्तिका, मृग आणि सप्तर्षी कुठे आहेत ते पाहून तो सणाचा अंदाज बांधू लागला. मुसलमानांबरोबर त्याने रोजेही धरले आणि त्याबद्दल मनात खंतही बाळगली. आज परदेशी दीर्घ मुक्कामाला गेलेल्याच्या खिशातला फोन एकादशीचीसुद्धा आठवण करून देतो. सोय उत्तम आहे. पण आपला दिवस आपल्यालाच आभाळात शोधावा लागणं, म्हणजे घर खरोखर किती दूर राहिलं आहे ते कळणं, हा अनुभव त्या सोयीने काढून घेतला आहे.

व्यापार म्हणाल तर बुडाला. इथे आमच्या देशाच्या कामाचा माल नाही, सांगणाऱ्यांनी फसवलं, अशी त्याची तक्रार आहे. दाभोळहून तो परत निघाला आणि त्वेरला पोचण्यापूर्वीच, स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. त्याची टिपणं मॉस्कोला पोचली आणि १४७५ च्या सुमारास तिथल्या बखरीत दाखल झाली. या टिपणांत एक जागा अशी आहे, जिथे तो आपल्या मायदेशासाठी प्रार्थना करतो. या जगात त्याच्यासारखा देश नाही, म्हणतो, आणि लगेच जोडतो की तिथले सरदार मात्र न्यायाने वागत नाहीत. ही प्रार्थना त्याने रशियनमध्ये लिहिलेली नाही. वाटेत शिकलेल्या तुर्की-फारसीच्या मिश्र बोलीत लिहिली आहे. सरदारांना ती वाचता येऊ नये म्हणून असेल कदाचित. किंवा इतक्या वर्षांनी त्याला तीच बोली आधी सुचत असेल.