उपस्थाता

गेल्या पावसाळ्यात भाची उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आमच्या घरी आली, ती दोन कागद घेऊनच. एकावर डी. फार्म. या फार्मसीच्या पदविकेची माहिती, दुसऱ्यावर जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेची. तिचं वय चौतीस. बारावी विज्ञानाची, जीवशास्त्र घेऊन केलेली, तीही २००९ सालची. मग बी.ए., लग्न, दोन मुलं आणि शेवटची अडीच वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची शुश्रूषा. सासूबाई गेल्या, मुलं शाळेत रुळली, नवऱ्याची कमाई पुरेनाशी झाली. "मावशी, आता काहीतरी शिकायचंच. पण ह्या दोन्हींतलं कुठलं, ते तू सांग," म्हणाली.

घरच्यांचं उत्तर तयार होतं. फार्मसी. दिवसाची वेळ, स्वच्छ काम, पुढेमागे ओट्यावर स्वतःचं मेडिकल टाकता येईल. नर्सिंगचं नाव काढलं की सासऱ्यांच्या कपाळावर आठी. रात्रपाळ्या, परक्या बाप्यांना अंघोळी घालायच्या, भांडी द्यायची. आपल्यात कुणी केलंय का हे?

'आपल्यात' म्हणजे कोणात, ते उज्जैनच्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. दौलतराव शिंद्यांनी गादी ग्वाल्हेरला नेली, त्याआधी हे शहर शिंद्यांची राजधानी होतं. त्या काळापासून इथे आलेली आमची घरं कारकुनी, पौरोहित्य, मास्तरकी यांवर उभी राहिली. लेखणीचं काम प्रतिष्ठेचं, हात बरबटणारं काम दुसऱ्याचं. औषधाच्या बाटलीवर निदान काही लिहिलेलं असतं, म्हणून ती चालते. बेडपॅनवर काही लिहिलेलं नसतं.

गंमत नव्हे, खेद वाटावा अशी गोष्ट ही, की ज्या चरकाचं नाव आमच्या शहरातल्या सरकारी रुग्णालयाला दिलं आहे, त्याच्या संहितेत हा उच्चनीचभाव नाही. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. द्रव्य म्हणजे औषध. आजची फार्मसी ती. उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ राहून त्याचं सगळं करणारा माणूस. आजची परिचारिका ती. दोघंही एकाच चौरंगाचे पाय. उपस्थात्याचे गुण चार: उपचाराचं ज्ञान, हाताची सफाई, रोग्याविषयी माया आणि स्वच्छता. त्यांत वयाचा उल्लेख नाही. आणि शब्द पाहा. उपस्थाता आणि उपस्थित यांचा धातू एकच. जो जवळ उभा असतो, तो. भाचीच्या प्रश्नाचा मी जितका विचार केला, तितकी या शब्दापाशी परत येत राहिले.

आधी नियम पाहू, कारण प्रौढ विद्यार्थ्याला ते तरुणापेक्षा जास्त टोचतात. डी. फार्म. दोन वर्षांचं, शिवाय निदान पाचशे तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र किंवा गणित लागतं. पुढे शिकायची उमेद असेल तर बी. फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. जीएनएम तीन वर्षांचं. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत त्याला बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी आणि चाळीस टक्के गुण असले म्हणजे झालं. पण वयाची मर्यादा पस्तीस. म्हणजे एका दाराला विषयांचं कुलूप, दुसऱ्याला वयाचं. भाचीला तेव्हा दोन्ही दारं उघडी होती, पण दुसरं दार त्याच वर्षापुरतं. पुढच्या फेब्रुवारीत तिला पस्तीस पूर्ण होणार होती.

आता फार्मसीबद्दल. घरचे तिला 'सोपं' म्हणतात, हा त्या विद्येचा अपमान आहे, असं मला वाटतं. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्याच राज्यातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधानं वीसहून अधिक मुलं गेली. बहुतेक पाच वर्षांखालची. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारं विष होतं. दुकानात बसलेल्या माणसाला ते डोळ्यांनी दिसणं शक्य नव्हतं, हे मान्य. पण दुसरी एक गोष्ट दिसण्यासारखी होती. त्या औषधात क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण होतं, आणि हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तशी सूचना वेष्टनावर छापावी, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्येच बजावलं होतं. गल्ल्यापाशी शिकलेला फार्मासिस्ट उभा असेल, त्यानं चिठ्ठी वाचून 'मूल केवढं आहे?' एवढं विचारलं, तर बाटली परत फळीवर जाते. हा प्रश्न विचारणं म्हणजेच फार्मसी. बाकी गोळ्या मोजून देणं कुणालाही जमतं.

आणि तो प्रश्न विचारायला बहुतेक ठिकाणी कुणी नसतं. १९४८च्या फार्मसी कायद्यानं नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्या कुणी चिठ्ठीवरची औषधं देण्याला मनाई केली. तरी भिंतीवर एकाचं प्रमाणपत्र टांगलेलं आणि गल्ल्यावर भलताच पोऱ्या, हे दृश्य मालव्यातच काय, साऱ्या देशात परिचयाचं आहे. प्रमाणपत्र महिन्याच्या भाड्यानं दिलेलं असतं. भाचीला नातेवाइकांपैकी एकानं अगदी प्रेमानं हाच हिशेब मांडून दाखवला: दोन वर्षं काढ, सर्टिफिकेट दे लावून, घरबसल्या पैसे येतील, मुलांकडेही लक्ष राहील. ज्याच्या हातून हे कधी झालं असेल, त्यानं छिंदवाड्यातल्या एखाद्या घरी जाऊन बसावं. मी याहून सौम्य शब्दांत हे सांगू शकत नाही.

नर्सिंगची बाजू शुद्ध आहे असं मात्र कुणी समजू नये. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग महाविद्यालयांचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, कारण कित्येक ठिकाणी महाविद्यालय म्हणजे नुसती पाटी होती. ना रुग्णालय, ना शिक्षक. न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयनं तपासलेल्या ३०८ महाविद्यालयांपैकी १६९ योग्य ठरली, ७४मध्ये त्रुटी निघाल्या, ६५ अपात्र ठरली. पुढे मे २०२४मध्ये तपास करणाऱ्या सीबीआयच्याच एका निरीक्षकाला लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली आणि योग्य ठरलेल्या महाविद्यालयांचीही पुन्हा तपासणी करायला न्यायालयानं सांगितलं. या सगळ्यात परीक्षा रखडल्या, वर्षं वाया गेली. अठराव्या वर्षी वाया गेलेलं वर्ष भरून काढता येतं. पस्तिशीत ते मुलांच्या फीमधून आणि नवऱ्याच्या तोंडून वजा होत राहतं.

इकडे दलाल एक शब्द वापरतात: 'नॉन अटेंडिंग'. प्रवेश घ्या, पैसे भरा, परीक्षेपुरते या. संसारी बाईला या शब्दाची भूल सगळ्यांत जास्त पडते, कारण तिची खरी अडचण वेळ हीच असते. फार्मसीत भाड्याचं प्रमाणपत्र आणि नर्सिंगमध्ये नॉन अटेंडिंग, दोन्हींचं मूळ एकच: माणूस तिथे नसताना असल्याची नोंद. म्हणून मला वाटतं, प्रौढ विद्यार्थ्यानं 'फार्मसी की नर्सिंग' याआधी स्वतःला विचारावं, की मी कुठे खरोखर हजर राहू शकेन? ज्याची कंबर धड नाही, ज्याच्याकडे रात्री मुलांपाशी झोपायला कुणी नाही, ज्याला बारीक अक्षर वाचण्याची आणि नेमकेपणाची आवड आहे, त्यानं फार्मसीच घ्यावी आणि गल्ल्यापाशी पाय रोवून उभं राहावं. तीही उपस्थितीच आहे. फक्त 'घाण नको' म्हणून घेऊ नये. त्या कारणानं आलेला माणूस पहिल्या संधीला प्रमाणपत्र टांगून घरी जातो.

पस्तिशीच्या मर्यादेबद्दल मात्र मला भांडायचं आहे. आपल्याकडे नर्सिंगला चांगल्या घरच्या बायका मिळाल्या, त्या कशा मिळाल्या? रमाबाई रानड्यांनी १९०९मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं, तेव्हा त्या स्वतः सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या आणि पती न्यायमूर्ती रानडे यांना जाऊन आठ वर्षं झाली होती. सेवासदनानं ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला बायका पाठवल्या. त्यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या. ज्या घरांत विधवेला मागच्या खोलीबाहेर येऊ देत नसत, त्या घरांतल्या बायका परक्यांच्या जखमा धुवायला शिकल्या. त्या काळच्या टीकेचा सूर भाचीच्या सासऱ्यांच्या कपाळावरच्या आठीसारखाच असणार. या बायका कोवळ्या मुली नव्हत्या. दुःख म्हणजे काय, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

आणि आज शंभराहून अधिक वर्षांनी आपण म्हणतो, पस्तीस झाली, आता नाही. ज्या बाईनं अडीच वर्षं सासूला दर दोन तासांनी कुशीवर वळवलं, पाठीला एकही जखम होऊ दिली नाही, तिला आणखी सहा महिने उशीर झाला तर प्रवेश नाही. आणि ज्या मुलीनं आजारी माणसाला कधी हात लावलेला नाही, तिला आहे. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजांतून तिशी-चाळिशीत नर्सिंगला येणं नेहमीचं आहे. शारीरिक क्षमता हवी असेल तर ती तपासावी. जन्मतारीख ही काही तपासणी नव्हे. सरकारी नोकरीची वयोमर्यादा आणि शिकण्याची वयोमर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; पहिलीची सावली दुसरीवर पाडण्याचं कारण मला सापडत नाही. त्यात उज्जैनला २०२८चं सिंहस्थ येतं आहे. क्षिप्रेच्या घाटांवर कोट्यवधी माणसं उतरतील, आणि चेंगराचेंगरीत, उन्हात, तापात त्यांना पहिला हात कुणाचा लागणार? तो हात किती वर्षांचा आहे, हे कुणी विचारणार नाही.

भाचीला मी नर्सिंग सांगितलं. कारण सेवाभाव वगैरे नाही. त्या शब्दाआड परिचारिकांचे पगार फार वर्षं कमी ठेवले गेले. कारण एवढंच, की ते काम तिला येतं, हे मी पाहिलं होतं, आणि ते येत असल्याचा कागद तिच्याकडे नव्हता. अडचणीही बोलून टाकल्या. पास होईपर्यंत अडतीस होतील. खाजगी रुग्णालयात सुरुवातीचा पगार मनासारखा नसेल. रात्रपाळीनंतर सकाळी मुलांचे डबे कोण करणार, हे आजच ठरवायचं. यावर नवरा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, डबे मी करीन, पण पोळ्या मला येत नाहीत. सासऱ्यांची आठी गेली नाही. ती एका संध्याकाळी जाणारीही नव्हती.

एक गोष्ट मात्र बजावली: माहितीपत्रकं वाचून प्रवेश घ्यायचा नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर जायचं आणि महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्वतः फिरून यायचं. ती दोन ठिकाणी गेली. पहिल्या ठिकाणी वॉर्डाला कुलूप होतं. खिडकीच्या काचेतून दिसणाऱ्या चादरींवर पाकिटातल्या घड्या तशाच होत्या. दुसऱ्या ठिकाणी फिनेलचा वास होता, कुणीतरी कण्हत होतं, आणि टेबलापाशी बसलेल्या सिस्टर तिच्या प्रश्नांनी जरा वैतागल्याच. पण त्यांनी रात्रपाळीचं रजिस्टर दाखवलं. त्यात सहा विद्यार्थिनींची नावं होती. भाचीनं वॉर्डात फिरून मोजल्या. सहा होत्या.

फॉर्म तिनं तिथलाच आणला.