एकदा जागा बदलून पाहा

शाळेच्या मैदानावर दोन संघ पाडले जातात, तेव्हा प्रत्येक मुलाच्या वाट्याला एक जागा येते. चपळ मुलगा पुढे, आडदांड मुलगा मागे आणि ज्याला कुणीच मागून घेत नाही तो गोलात. ही वाटणी पाच मिनिटांत होते आणि वर्षानुवर्षे टिकते. पुढे मुलगाही स्वतःची ओळख तशीच सांगू लागतो, ‘मी मागे खेळतो.’ मैदान सुटते, पण ती सवय सुटत नाही. घरात, कचेरीत, गावात आपण माणसांना अशाच जागा देऊन ठेवतो आणि त्या जागेवरून त्यांची किंमत ठरवतो. ही पाच मिनिटांची वाटणी मोडल्यावर ज्यांचा खेळ उजळला, त्यांची आठवण आज सकाळी काढू या.

1962 साली जकार्ताला आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. भारताचा फुटबॉल संघ पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून 0-2 असा हरला. पुढच्या सामन्यात थायलंडला हरवले, पण त्यात जर्नेल सिंग जखमी झाला. डोक्याला टाके पडले. जर्नेल हा मधला बचावपटू. त्याला ओलांडून जायचे म्हणजे भल्याभल्या आघाडीवीरांना घाम फुटायचा. असा गडी जायबंदी झाल्यावर त्याला बाहेर बसवणे हाच सरळ मार्ग होता. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम मूळचे हैदराबादचे शिक्षक. वर्गातल्या प्रत्येक पोराकडे निरखून पाहायची सवय त्यांनी मैदानावरही सोडली नव्हती. उपांत्य सामन्यात त्यांनी जर्नेलला बाहेर बसवले नाही आणि मागेही ठेवले नाही. त्याला थेट आघाडीत, सेंटर फॉरवर्डच्या जागी उभे केले.

उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारत 3-2 असा जिंकला आणि त्यातला एक गोल जर्नेलचा होता. 4 सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर आला. मैदानात लाखभर प्रेक्षक होते आणि त्यांतले बहुतेक भारताच्या विरोधात ओरडत होते. पहिला गोल पी. के. बॅनर्जी यांनी केला, दुसरा जर्नेलने. भारत 2-1 असा जिंकला. आशियाई स्पर्धेतले फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर आजवर भारताला मिळालेले नाही.

एरवी गोल अडवणाऱ्याने इतक्या मोठ्या सामन्यात गोल कसा केला? मला वाटते, तो अडवणारा होता म्हणूनच. आघाडीचा खेळाडू नेमका कुठून घुसला की आपली तारांबळ उडते, कुठल्या क्षणी आपली नजर चेंडूवर खिळते आणि पाठ उघडी पडते, हे बचावपटूला जितके ठाऊक असते तितके दुसऱ्या कुणाला असणार? जर्नेल पुढे गेला तो ही सगळी माहिती घेऊन. जागा बदलताना माणूस रिकाम्या हाताने जात नाही. जुन्या जागेवर कमावलेले शहाणपण त्याच्याबरोबर येते आणि नव्या जागेवरच्या इतरांकडे नेमके तेच नसते.

कबड्डीत वाढलेल्या महाड-पोलादपूरच्या माणसाला हे वेगळे समजवावे लागणार नाही. चढाई करून करून ज्याचे पाय तयार झालेत, तो कोपऱ्यात उभा राहिला की समोरचा गडी कुठला पाय आधी टाकणार हे त्याला कळते. पकड करणारा चढाईला गेला, तर साखळी कुठे सैल आहे ते त्याला दिसते. गावच्या संघात सात गडी जमवतानाच नाकी नऊ येतात, तेव्हा प्रत्येकाला दोन्ही कामे करावी लागतात. या अडचणीतूनच कितीतरी अष्टपैलू खेळाडू घडले.

फुटबॉलच्या जगात अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. फ्रान्सचा थिअरी ऑन्री बाजूने धावणारा खेळाडू होता. इटलीत त्याचे बस्तान बसले नाही. 1999 साली तो इंग्लंडच्या आर्सेनल संघात आला आणि प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी त्याला मधोमध, गोलासमोर आणले. पहिल्या आठ सामन्यांत त्याला एकही गोल करता आला नाही. वेंगर यांनी त्याची जागा बदलली नाही. त्या संघासाठी ऑन्रीने पुढे एकूण 228 गोल केले. इटलीचा आंद्रेया पिर्लो आघाडीवीरांच्या मागे खेळायचा. त्या जागी त्याच्यापेक्षा वेगवान खेळाडू होते, त्यामुळे तो मागे पडत होता. ब्रेशा संघात कार्लो मात्सोने यांनी त्याला आणखी मागे, बचावफळीच्या पुढ्यात उभे केले. तिथे त्याला वेळ मिळाला, सगळे मैदान डोळ्यांपुढे आले आणि लांब पास देण्याची त्याची कला खुलली. 2006 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सामनावीर ठरला तो हाच पिर्लो. ज्याला सगळे संथ म्हणत होते तो माणूस संथ नव्हता, त्याला चुकीच्या ठिकाणी घाई करायला लावली जात होती.

आपल्या मुंबईचा राहुल भेके उजवीकडचा बचावपटू म्हणूनही खेळला आणि मधला बचावपटू म्हणूनही. 17 मार्च 2019 रोजी अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना जादा वेळेत गेला होता. 117 व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर डोके लावून सामन्यातला एकमेव गोल केला तो या बचावपटूने, आणि बेंगळुरू संघ गोव्यावर मात करून विजेता ठरला. 2024 मध्ये मुंबई सिटीने हीच स्पर्धा जिंकली तेव्हा कर्णधारपद भेकेकडे होते.

खेळाडूंचे झाले. पण जागा बदलून फुललेल्या माणसाचा सर्वांत मोठा दाखला आपल्या महाड तालुक्यातच आहे. महाडहून रायगडाकडे निघाले की वाटेत नाते लागते. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म या गावी 14 जानेवारी 1896 रोजी झाला. 1912 च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजला जाऊन ते निसर्गविज्ञान शिकले आणि वनस्पतिशास्त्रात त्यांनी पारितोषिक पटकावले. मग आयसीएसच्या परीक्षेत पहिले येऊन ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडात प्रशासनाच्या कामाला लागले. 1939 साली ते रिझर्व्ह बँकेत आले. वनस्पतींचा अभ्यासक, जमीनमहसूल पाहणारा अधिकारी, आणि आता बँक. चारच वर्षांत, 1943 मध्ये, ते या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. महायुद्धाच्या धामधुमीत आणि फाळणीनंतरच्या वाटणीत देशाच्या चलनाची घडी सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे होते. 1944 च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारताची बाजू मांडणाऱ्यांतही ते होते.

1950 मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत ते लोकसभेवर निवडून गेले ते आपल्याच कुलाबा मतदारसंघातून. त्यांच्या कारकिर्दीत इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. मंत्रिपद सुटल्यावर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि त्यानंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. याच माणसाने कालिदासाचे मेघदूत मराठी पद्यात आणले. दर वेळी जागा नवी होती आणि दर वेळी त्या जागेला साजेसे काम त्यांनी उभे केले. बारकाईने पाहणे, वर्गवारी लावणे, पुरावा असल्याशिवाय न बोलणे ही विज्ञानाच्या विद्यार्थ्याची शिस्त. ती त्यांनी कोणत्याही खुर्चीवर बसताना बाहेर काढून ठेवली नाही.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र जागेबरोबर बदलली नाही, आणि तीच मला सर्वांत मोलाची वाटते. 1956 साली मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. काम बदलायला ते आयुष्यभर तयार होते, पण जागा टिकवण्यासाठी मत बदलायला तयार नव्हते. जागा बदलण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा फरक ध्यानात ठेवावा. भूमिका बदलते तेव्हा माणूस वाढतो. निष्ठा विकून मिळवलेल्या नव्या जागेत तो लहान होतो.

आणखी एक फरक आहे. जागा बदलणे आणि जागेवरून हुसकून लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. कोकणातल्या अनेक घरांचा पोशिंदा तेव्हा गिरणीत होता. त्या संपानंतर कितीजणांना चाळिशीत, पंचेचाळिशीत साचे सोडून दुसरे काम शोधावे लागले, कितीजण गावी परतले. त्यांच्या हातांत कसब नव्हते असे नाही. त्यांना कुणी रहीम भेटला नाही. तुझ्यात जे आहे ते या दुसऱ्या जागीही कामाला येईल, असे म्हणत पाठीशी उभे राहणारे कुणी नव्हते, आणि नव्या कामात रुळण्यापुरताही वेळ कुणी दिला नाही. म्हणून जागा बदलण्याचे कौतुक करताना केवळ जिद्दीची गोष्ट सांगून भागत नाही. त्या माणसाला पारखणारी नजर आणि थांबायची तयारी ज्यांच्याकडे असायला हवी, त्यांचीही जबाबदारी सांगायला हवी.

थांबायची तयारी म्हणजे काय, हे इथल्या शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे. भाताचे रोप उपटून खाचरात लावले की आधी ते पिवळे पडते, मान टाकते. शहाणा शेतकरी ते पुन्हा उपटून पाहत नाही. मुळे धरेपर्यंत तो खाचरातले पाणी सांभाळतो. ऑन्रीचे गोलाविना गेलेले ते आठ सामने हे असेच पिवळे दिवस होते आणि वेंगर यांनी ते जाऊ दिले. आपण मात्र मुलगा नव्या विषयात पहिल्या चाचणीला कमी गुण घेऊन आला की लगेच म्हणतो, ‘हे तुझे काम नव्हे.’

महाड-पोलादपूरच्या शाळांत शिकवणाऱ्या शिक्षकांना, गावच्या संघांना घडवणाऱ्या मार्गदर्शकांना आणि घराघरांतल्या आईवडिलांना माझी एक विनंती आहे. कुठल्याही मुलाला ‘याला जमत नाही’ म्हणून संघातून काढण्याआधी एकदा त्याची जागा बदलून पाहा. मागे उभा राहणारा पुढे पाठवा, पुढचा मागे आणा. गणितात अडखळणाऱ्याला प्रयोगशाळेत मोजमाप करायला द्या. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलीकडे शाळेच्या कार्यक्रमाची आखणी सोपवा. आणि एका दिवसात निकाल लावू नका, निदान एक सत्र जाऊ द्या.

ज्यांचे वय आता शाळेचे राहिलेले नाही, त्यांनाही हेच सांगायचे आहे. नोकरी सुटली असेल, निवृत्ती आली असेल, मुंबई सोडून गावच्या घरी परतावे लागले असेल, तर आपली किंमत त्या जुन्या जागेतच राहिली असे समजू नका. हिशेब ठेवणारी शिस्त गावच्या पतसंस्थेला हवी आहे, यंत्र ओळखणारा हात गावच्या पाणीयोजनेला हवा आहे, माणसे सांभाळण्याची सवय ग्रामसभेला हवी आहे. इतकी वर्षे एका जागी उभे राहून तुम्ही जे शिकलात, त्याची वाट दुसरी एखादी जागा पाहत असेल. आज तिकडे पहिले पाऊल टाका आणि स्वतःला मुळे धरायला पुरेसा वेळ द्या.