न लिहिलेली शेवटची ओळ

नेटवर्क स्विचवर रहदारी गाळण्यासाठी जी ॲक्सेस कंट्रोल लिस्ट, म्हणजे प्रवेश-नियंत्रणाची यादी, लावली जाते, तिची सर्वांत प्रभावी ओळ बहुधा तिच्यात लिहिलेलीच नसते. प्रत्येक पॅकेट, म्हणजे पत्ता लावलेला माहितीचा तुकडा, यादीतील ओळींशी वरून खाली ताडून पाहिले जाते. पहिली जुळणारी ओळ निकाल देते, तिच्याखालच्या ओळी कितीही नेमक्या असल्या तरी विचारात येत नाहीत, आणि एकही जुळली नाही तर सिस्को कंपनीच्या स्विचवर अध्याहृत नकार लागू होतो. निर्णयाचा पाया मनाईवर नव्हे, परवानगीवर असावा, हे संगणकतज्ज्ञ जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी 1975 साली मांडलेले तत्त्व रास्तच आहे, कारण राहून गेलेली परवानगी तक्रारीतून लगेच उघड होते, तर राहून गेलेली मनाई दीर्घकाळ कोणाच्या ध्यानातही येत नाही.

तरीही या नकाराची किंमत कोणाला मोजावी लागते, हे पाहण्यासारखे आहे. एखाद्या विभागाच्या जाळ्यातून स्विचमध्ये शिरणाऱ्या रहदारीवर ‘फक्त या विभागाचे पत्ते येऊ द्यावेत’ एवढीच ओळ लिहिली, तर जुनी यंत्रे सुरळीत चालतात. नवे यंत्र मात्र अडते, कारण डीएचसीपी या व्यवस्थेकडे पत्ता मागताना त्याच्याजवळ पत्ताच नसतो आणि त्याची विनंती 0.0.0.0 या पत्त्यावरून निघते. ज्याला ओळख मिळवायची आहे त्याच्याकडेच यादी ओळख मागते.

आकड्यांवरून हेतू ओळखण्याचा प्रयत्नही असाच तोकडा पडतो. 25 जानेवारी 2003 रोजी स्लॅमर हा संगणक-किडा यूडीपी या संदेशवहनाच्या पद्धतीतील 1434 या पोर्टवरून, म्हणजे सेवा ओळखण्याच्या क्रमांकावरून, पसरला, तेव्हा तो पोर्ट अडवणे हा तातडीचा आणि योग्य उपाय होता. परंतु एखाद्या संगणकाने संकेतस्थळाच्या नावाचा पत्ता विचारताना तोच क्रमांक तात्पुरता घेतला असेल, तर त्याला येणारे निरुपद्रवी उत्तरही या मनाईत सापडते. ते वाचवण्यासाठी, उत्तरे ज्या 53 क्रमांकावरून येतात त्याला वरच्या ओळीत परवानगी द्यावी, तर किड्यालाही तीच वाट मोकळी होते. कारण अशी यादी मागचे पॅकेट लक्षात ठेवत नसल्यामुळे आलेले उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे हे तिला ठरवता येत नाही, आणि 53 हा आकडा तर पाठवणाऱ्यानेच लिहिलेला असतो.